बेचाळीसची आठवण

आजच्या विषयाची पाटी वाचून काही श्रोत्यांचा गैरसमज झाला असेल, तर दोष आमचा आहे. महाड तालुक्यात 'बेचाळीस' म्हटले की वडीलधाऱ्या माणसांना चले जावचे साल आठवते. त्या साली महाडच्या कचेरीवर गेलेला मोर्चा आठवतो, गोळीबार आठवतो. त्या बेचाळीसविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते आमच्याहून अधिकारी माणसांनी बोललेले आहे. आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या बेचाळीसविषयी. १९७४ सालच्या जून महिन्याच्या २४ तारखेस लंडन शहरातील लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा क्रिकेटचा संघ अवघ्या ४२ धावांत बाद झाला, ते बेचाळीस. एका खेळातल्या पराभवावर तासभर व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर व्याख्यान संपल्यावर द्यावे लागणार नाही अशी आमची उमेद आहे.

आम्ही दासगावचे. सावित्रीच्या खाडीकाठचे हे जुने बंदर, कॉम्रेड रा. बा. मोरे ज्या गावी लहानाचे मोठे झाले ते गाव. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर बसून झाले. आज पन्नाशी उलटून गेली तरी ते शिक्षण चालूच आहे. १९७४ साली आम्ही पाच वर्षांचे होतो, म्हणून त्या दिवसाची आमची स्वतःची आठवण जवळजवळ नाही. जे सांगतो ते थोरांकडून ऐकलेले आणि नंतर छापील धावफलकाशी ताडून पाहिलेले आहे. ताडून पाहण्याची ही सवय आम्हास पगारपत्रकांनी लावली.

त्या वेळच्या दासगावात क्रिकेट कोठून आले, हे आधी सांगितले पाहिजे. ते मुंबईहून आले. घरटी एखादा माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर बोटीवर. तो शिमग्याला, गणपतीला गावी येई, तेव्हा ट्रंकेत साड्या, खाऊ आणि डोक्यात परळ-लालबागच्या गप्पा घेऊन येई. चाळीच्या गॅलरीत ऐकलेली कॉमेंटरी तो इकडे पडवीत बसून पुन्हा करून दाखवी. मैदान न पाहिलेली माणसे अशी क्रिकेटची भक्त झाली. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि बाजारातल्या दुकानाच्या फळीवर लंडन बोलू लागले.

ह्या भक्तीला ऊत आला तो १९७१ साली. त्या साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट ह्यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कप्तान झाले. मर्चंट गिरणीमालक घराण्यातले. गिरणीमालकाने दिलेल्या मताबद्दल गिरणगावाने टाळ्या वाजवल्या असा हा एकच प्रसंग आमच्या ऐकिवात आहे. वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करणारा, मध्यमवर्गीय मराठी माणूस, बोलणे कमी. त्यांच्या हाताखाली भारताने आधी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि मग २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरवले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता. दासगावात मूर्ती पाटावर बसल्या होत्या, चाकरमानी घरी होते आणि विजयाची बातमी आरतीच्या सुमारास आली. गणपतीने सामना जिंकून दिला अशी अनेकांची खात्री झाली. आमचा गणपतीवर राग नाही. पण चंद्रशेखरचे मनगट आणि फॉरवर्ड शॉर्टलेगला उभ्या राहणाऱ्या एकनाथ सोलकरचे हात ह्यांचाही त्यात हिस्सा होता.

मुंबईस विमानतळापासून ब्रेबोर्न स्टेडियमपर्यंत मिरवणूक निघाली. इंदूर शहरात त्या विजयाची स्मृती म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभी करण्यात आली, तिच्यावर खेळाडूंची नावे आली. १९७२-७३ साली इंग्लंडचा संघ इकडे आला, त्यालाही वाडेकरांनी २-१ असे हरवले. सलग तीन मालिका झाल्या. ह्या तीन वर्षांत आपल्या लोकांच्या बोलण्यात एक फरक पडला, तो आम्ही जुन्या माणसांकडून बारकाईने विचारून घेतला आहे. आधी लोक म्हणत, "आपली टीम बरी खेळली." आता म्हणू लागले, "आपण जिंकलो."

येथे थोडे मागे गेले पाहिजे. बेचाळीस हा काही आपल्या संघाचा पहिलाच दारुण पराभव नव्हे. १९५२ सालच्या इंग्लंड दौऱ्यात विजय हजारे कप्तान होते. लीड्सच्या सामन्यात दुसऱ्या डावात ट्रूमन आणि बेडसर ह्यांनी आपली अशी दैना केली की फलकावर शून्य धावा आणि चार बळी असे दिसू लागले. बाद झालेले चौघे पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. ह्यातील मांजरेकरांनी त्याच सामन्याच्या पहिल्या डावात १३३ धावा काढल्या होत्या, हे आता कोणास आठवत नाही. त्यानंतर कप्तान हजारे आणि फडकर ह्यांनी १०५ धावांची भागी करून अब्रू राखली, हेही आठवत नाही. पुढच्याच महिन्यात मँचेस्टरला एकाच दिवसात आपला संघ दोनदा बाद झाला, एकदा ५८ धावांत आणि एकदा ८२ धावांत. डाव आणि २०७ धावांनी हार. म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने पाहिले तर १९५२चा अपमान काही लहान नव्हता.

तरीही १९५२ साली कोणाच्या घरावर दगड पडल्याचे आमच्या वाचनात नाही. हजारे ह्यांचे कप्तानपद मध्यंतरी लाला अमरनाथ ह्यांच्याकडे गेले खरे, पण १९५३ साली वेस्ट इंडीजला संघ गेला तो हजारेंच्याच हाताखाली. लोक हळहळले, हसले आणि कामाला लागले. कारण उघड आहे. कसोटीतला पहिला विजयच मुळी त्या साली फेब्रुवारीत मद्रासला मिळाला होता. ज्याने कालपर्यंत काही जिंकलेच नव्हते, त्याच्याकडून लोकांची मागणीही माफक होती. बावीस वर्षांनी मागणी वाढली होती.

आता १९७४. साल कसे होते ते तरुण श्रोत्यांना ठाऊक नसेल. महागाईने माणूस हैराण झाला होता. ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांचा तो संप सरकारने मोडून काढला आणि २७ मे रोजी तो मागे घ्यावा लागला. मधल्या काळात, १८ मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाला. लोकांच्या मनात एकीकडे अभिमान फुगलेला आणि दुसरीकडे घरात रॉकेल नाही, अशा दिवसांत वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला होता. हवा गार, ओली, ढगाळ. अशा हवेत तिकडच्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळतो, हे पडवीत बसून समजत नाही. मँचेस्टरचा पहिला सामना गावसकरचे शतक होऊनही ११३ धावांनी गेला.

लॉर्ड्सचा सामना २० जूनला सुरू झाला. इंग्लंडने ६२९ धावा केल्या. अमिस १८८, कप्तान डेनिस ११८, ग्रेग १०६. बेदीने ६ बळी घेतले, पण त्यासाठी २२६ धावा मोजल्या. चंद्रशेखरला दुखापत झाली आणि तो सामन्यातून गेला. आपला पहिला डाव ३०२ धावांचा झाला. इंजिनियर ८६, विश्वनाथ ५२, गावसकर ४९, सोलकर ४३. ह्या ३०२ धावा श्रोत्यांनी लक्षात ठेवाव्यात, कारण इतिहासाने त्या टाकून दिल्या आहेत. फॉलोऑन मिळाला. शनिवारी खेळ संपला तेव्हा दुसऱ्या डावात २ धावा झाल्या होत्या, गडी कोणी गेला नव्हता. रविवार सुटीचा.

सोमवारी दासगावात पाऊस होता. तरवा वर आला होता, लावणीला अवकाश होता, त्यामुळे माणसे मोकळी होती. बाजारात एका दुकानाच्या फळीवर ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि भोवती छत्र्या. आमच्या आळीतले एक गिरणीकामगार तेव्हा आजारपणाच्या रजेवर गावी होते. सारे गाव त्यांना काका म्हणे, आम्हीही काकाच म्हणू. त्यांना थोडे इंग्रजी कळे, म्हणजे आकडे कळत आणि 'आऊट' हा शब्द कळे. त्या दिवशी तेवढे पुरले. लंडनमध्ये सकाळ होती, आपल्याकडे दुपार कलली होती. काका म्हणत, "एकेक गडी गेल्यावर मी नाव सांगत होतो. चौथ्यानंतर कुणी नाव विचारलंच नाही." ७७ मिनिटांत आणि १७ षटकांत सगळे आटोपले. ओल्डने २१ धावांत ५ बळी घेतले, अर्नोल्डने १९ धावांत ४. चंद्रशेखर फलंदाजीला येऊ शकला नाही, म्हणून नऊ गडी बाद होताच डाव संपला. एक डाव आणि २८५ धावांनी हार झाली.

आम्ही तो फलक पुष्कळदा लिहून काढला आहे. गावसकर ५, इंजिनियर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५, ब्रिजेश पटेल १, सोलकर नाबाद १८, आबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी ०. बेरीज करून पाहावी, बरोबर ४२ येते. अवांतर एकही धाव नाही. साहेबांनी दानधर्मही केला नाही, असे काका म्हणत. दुहेरी आकडा एकाच माणसाचा. ह्या एकनाथ सोलकरने ओल्डला हूक मारून षटकारही ठोकला. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे मुख्य माळी होते. कुटुंब मैदानाच्या कडेला एका खोलीच्या झोपडीत राही. मोठमोठे लोक जेथे खेळायला येत, तेथे हा मुलगा बापाबरोबर खेळपट्टीची देखभाल होताना पाहत मोठा झाला. हिरव्या, ओल्या खेळपट्टीवर इतरांचे पाय जेथे सुटले, तेथे माळ्याचा मुलगा उभा राहिला. ह्यातून आम्ही काही मोठा सिद्धांत काढीत नाही. सोलकरही इतर डावांत लवकर बाद झालेला आहेच. पण त्या दिवशी तो उभा राहिला, आणि ही गोष्ट गिरणगावच्या खोल्यांतून जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेली नाही.

त्याऐवजी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बर्मिंगहॅमचा तिसरा सामनाही डाव आणि ७८ धावांनी गेला, मालिका ३-० अशी बुडाली. वाडेकरांच्या घरावर दगड फेकले गेले. इंदूरच्या त्या काँक्रीटच्या बॅटला काळे फासले गेले. पश्चिम विभागाच्या संघात कप्तानपद तर राहोच, साधी जागाही वाडेकरांना मिळाली नाही, तेव्हा त्यांनी खेळ सोडला. तीन मालिका जिंकून देणारा कप्तान एका उन्हाळ्यात संपला. दौऱ्यात कुरबुरी होत्या, गटबाजी होती, निवड चुकली, हे सर्व नंतर लिहिले गेले आणि त्यात तथ्य असावे. पण दगड मारणाऱ्याने ह्यातले काही वाचून दगड उचलला नव्हता. त्याच्या बोलण्यातून 'आपण' हा शब्द सोमवारी दुपारीच गेला होता. जिंकलो होतो आपण, हरले ते.

आम्हास हा खेळ व्यवसायाने शिकावा लागला, म्हणून थोडे विषयांतर करतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. पहिले काही महिने मुंबईहून एस.टी.ने उतरणारा माणूस 'आपला संप' म्हणे. वर्ष उलटले, भांडी विकून झाली, उतरणारी माणसे बिऱ्हाडासकट उतरू लागली आणि शब्द बदलला. 'डॉक्टरांचा संप' झाला. तो संप औपचारिकपणे कोणी मागे घेतलाच नाही. तो नुसता विरत गेला. काका त्याच संपात कायमचे गावी आले. त्यांच्या तोंडून आम्ही 'डॉक्टरांचा संप' हे शब्द कधी ऐकले नाहीत. "आम्ही हरलो," असे ते सरळ म्हणत आणि पुढच्या वाक्यात भाताचा भाव विचारीत.

पुढे आम्ही महाडच्या औद्योगिक वसाहतीत युनियनच्या कामाला लागलो. एका कारखान्यात आमच्या सांगण्यावरून संप झाला आणि तो पार फसला. कारखान्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. काही चुका मालकाच्या असतील, पण हिशेब चुकला तो आमचा. मागण्यांवर तडजोड होण्याची वेळ होती तेव्हा आम्ही ताणून धरले, आणि ताणले तेव्हा आमच्या मागे किती माणसे उरली आहेत हे मोजले नाही. शेवटी लोक जुन्याच पगारावर एकेकटे आत गेले. महिन्यापूर्वी ज्यांनी आम्हास खांद्यावर घेतले होते, त्यांतला एक बाजारात भेटला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही हरलात." दगड मारला असता तर बरे वाटले असते. आम्ही चार दिवस घराबाहेर पडलो नाही.

पाचव्या दिवशी काका आले. तोवर ते काठीवर आले होते. ओटीवर बसून त्यांनी तंबाखू मळली आणि विचारले, "नॉटआऊट कोण राहिले?" आम्हास प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "शेवटच्या दिवसापर्यंत गेटवर कोण होते? नावे सांग." आम्ही आठवून आठवून सांगू लागलो. सतरा नावे झाली. "कागदावर लिही," ते म्हणाले, "नाहीतर तुला फक्त हरल्याची तारीख ध्यानात राहील." मग त्यांनी लॉर्ड्सचा तो फलक आम्हास पहिल्यांदा संपूर्ण म्हणून दाखवला, गावसकरच्या पाचापासून बेदीच्या शून्यापर्यंत. तोपर्यंत आम्हालाही इतर सर्वांप्रमाणे फक्त एकच आकडा ठाऊक होता. ती सतरा माणसे पुढे युनियनच्या उभारणीत कामाला आली. त्यांतील काही ह्या सभागृहात आज मागे बसली आहेत आणि त्यांची नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

वाडेकरांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जण गोष्ट दगडांपाशीच सोडतात. ते बँकेत गेले, मोठ्या हुद्द्यास चढले आणि १९९०नंतरच्या काळात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परत आले. १९९३ साली इंग्लंडचा संघ भारतात येऊन ३-० असा हरला, तेव्हा आपल्या संघाचे व्यवस्थापक वाडेकरच होते. उन्हाळा परत फिरवला म्हणून कोणी मिरवणूक काढली नाही, आणि त्यांनीही तसे काही बोलून दाखवल्याचे आमच्या वाचनात नाही. ते १५ ऑगस्ट २०१८ रोजी वारले. सोलकर त्यांच्या आधीच, २६ जून २००५ रोजी गेले. मृत्युलेखांत त्यांच्या २७ कसोट्यांतल्या ५३ झेलांचा उल्लेख असे, तो योग्यच होता. नाबाद १८चा उल्लेख क्वचित.

बेचाळीसचा उच्चांक, किंवा नीचांक म्हणा, ४६ वर्षे टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे आपला संघ ३६ धावांत संपला. ह्या खेपेस एकाही फलंदाजाला दुहेरी आकडा गाठता आला नाही. मयंक अगरवालच्या ९ धावा सर्वांत अधिक. हेझलवुडने ८ धावांत ५ बळी घेतले. शमीला चेंडू लागून तो निवृत्त झाला, म्हणजे येथेही नऊच गडी. दगड मारण्याची आता गरज उरलेली नाही, हातातल्या फोनवर ते काम होते, आणि त्या दिवशी ते दिवसभर चालले होते. पुढे अजिंक्य रहाणेच्या हाताखाली त्याच दौऱ्यात मेलबर्न जिंकले, १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन जिंकले आणि मालिका २-१ अशी आली. मग फोनवरचे तेच लोक 'आपण' म्हणू लागले.

अ‍ॅडलेडच्या त्या शनिवारी दुपारी आम्ही काकांकडे गेलो होतो. वय नव्वदीला टेकलेले, नजर अधू, कानाला मोठ्याने सांगावे लागे. नातवाने त्यांना ओरडून सांगितले, "आजोबा, छत्तीस! तुमचं बेचाळीस मोडलं!" पोरगा हसत होता. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नातवाने फोन वर-खाली करून पाहिले आणि म्हणाला, "उमेश यादव, चार."

"कुठला?"

आम्ही सांगितले, नागपूरकडचा. बाप कोळशाच्या खाणीत कामाला होता.

काकांनी ते नाव आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि नातवाला म्हणाले, "लिहून ठेव."